‘पिनियन’ : एका बंधनवाचक इंग्रजी क्रियापदाचा अर्थविचार

१. प्रास्ताविक

एखाद्या माणसाच्या शरीराची हालचाल रोखण्याची क्रिया सांगणारी क्रियापदे प्रत्येक भाषेत असतात. वरवर पाहता ही क्रियापदे समानार्थक वाटतात. कोशात एकाच्या पुढे दुसरे पर्याय म्हणून दिलेलेही असते. परंतु बंधनाची क्रिया एकजिनसी नाही. कोणता अवयव बांधला, कशाने बांधला, कोणी बांधला, बांधलेल्या माणसाला कोणती हालचाल शिल्लक ठेवली आणि बांधण्यामागे केवळ पळून जाण्याचा प्रतिबंध आहे की मानखंडनाही आहे, या प्रश्नांची उत्तरे प्रत्येक क्रियापद वेगवेगळी देते. ‘बांधणे’ एवढा एकच शब्द वापरून भागवले, तर ही सारी माहिती अनुवादात गळून पडते.

इंग्रजीतील ‘पिनियन’ हे क्रियापद या दृष्टीने अभ्यसनीय आहे. इंग्रजी वाङ्मय वाचणाऱ्याला ते अधूनमधून भेटते. नाटकात, तुरुंगाच्या वर्णनात, कादंबरीतील झटापटीच्या प्रसंगात आणि पक्षिपालनावरील लेखनातही ते येते. त्याचा सर्वसाधारण अर्थ ‘दोन्ही दंड वा हात बांधून अथवा घट्ट धरून माणसाला निरुपाय करणे’ असा आहे. प्रस्तुत लेखात या क्रियापदाची व्युत्पत्ती, त्याच्या अर्थाच्या मर्यादा, त्याचे वाक्यातील वर्तन आणि मराठीतील त्याचे प्रतिशब्द यांचा क्रमाने विचार करावयाचा आहे. त्याच्या अनुषंगाने आपल्या ‘मुसक्या आवळणे’ या वाक्प्रचाराच्या आजच्या वापराकडेही वळावे लागेल.

२. व्युत्पत्ती : पिसापासून दंडापर्यंत

या क्रियापदाचे मूळ एका नामात आहे. ‘पिनियन’ हे नाम इंग्रजीत पक्ष्याच्या पंखाचा टोकाकडील भाग, त्यावरील मोठे उड्डाणपीस आणि काव्यभाषेत संपूर्ण पंख, अशा अर्थांनी येते. ते जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आले आणि त्याचे मूळ लॅटिनमधील ‘पेन्ना’ किंवा ‘पिन्ना’, म्हणजे पीस, या शब्दाशी पोचते. ‘पेन्ना’पासूनच ‘पेन’ हा शब्द निघाला, कारण पाश्चात्त्य लेखणी दीर्घकाळ पिसाचीच होती. ‘पेन्ना’चा धातू आणि संस्कृतातील ‘पत्’ (उडणे, पडणे) हा धातू एकाच आदिम मूळाचे मानले जातात. ‘पत्’पासून ‘पत्र’ हा शब्द झाला आणि त्याचाही एक अर्थ पंख असाच आहे. म्हणजे आपण ज्या पेनाने पत्र लिहितो, ते पेन आणि ते पत्र ही दोन्ही नावे मुळात पक्ष्याच्या उडण्याशी निगडित आहेत.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. मोटारदुरुस्तीच्या व्यवसायामुळे ‘पिनियन’ हा शब्द महाराष्ट्रात खेडोपाडी परिचित आहे. मोठ्या दातेरी चाकात अथवा दातेरी पट्टीत अडकून फिरणारे छोटे दातेरी चाक म्हणजे पिनियन. हा शब्द उच्चाराने तोच असला तरी कुळाने वेगळा आहे. त्याचे मूळ काही अभ्यासक ‘कंगवा’ या अर्थाच्या शब्दात शोधतात, तर काही पाइन वृक्षाच्या बोंडात. दातेरी चाकात हालचाल अडकून राहते, या कल्पनेवरून ‘बांधणे’ हा अर्थ आला असावा, असे अनुमान सहज सुचते. परंतु ते निराधार आहे.

नामाचे क्रियापद होताना जे घडले ते असे. ‘पिनियन’ म्हणजे पंखाचे टोक. त्यावरून ‘पिनियन करणे’ म्हणजे पक्ष्याचा तो भाग छाटणे किंवा पंख बांधून टाकणे, जेणेकरून त्याला उडता येऊ नये. माणसाच्या बाबतीत पंखाची जागा हाताने घेतली आणि ‘दंड बांधणे’ हा अर्थ सिद्ध झाला. तर्काचा क्रम असा असला तरी लेखी नोंदींचा क्रम मात्र थोडा वेगळा आहे. हे क्रियापद सोळाव्या शतकाच्या मध्यापासून आढळते आणि उपलब्ध नोंदींत माणसाविषयीचा अर्थ पक्ष्याविषयीच्या अर्थापेक्षा काही वर्षे आधीचा आहे. याचा अर्थ लाक्षणिक अर्थ वाच्यार्थाच्या आधी जन्मला, असा नव्हे. पक्षी पाळणाऱ्यांची बोली लेखनात उशिरा येते आणि कैद्यांची हकिगत लवकर येते, हे त्याचे अधिक संभाव्य कारण होय. शब्दाचा जन्म आणि शब्दाची पहिली नोंद या दोन भिन्न घटना आहेत, हे अर्थविचार करताना विसरता कामा नये.

या लक्षणेला शरीररचनेचाही आधार आहे. पक्ष्याचा पंख म्हणजे त्याचा पुढचा पायच. त्यातील सर्वांत बाहेरचा भाग, ज्यावर उड्डाणाची प्रमुख पिसे असतात, तो माणसाच्या मनगटापुढील पंजाशी जुळतो. तेव्हा पंखावरून हाताकडे जाणारी ही कल्पना केवळ कवीची नाही, ती निरीक्षणावर उभी आहे. पंख आणि बाहू यांचा संबंध आपल्या भाषेनेही वेगळ्या रीतीने जोडलेला आहे. संस्कृत ‘पक्ष’ म्हणजे पंख आणि त्यावरून बाजू. खुद्द ‘बाजू’ हा शब्द फारसीतून आला, तेथे त्याचा अर्थ दंड. ‘बाजूबंद’ या दागिन्याच्या नावात तो मूळ अर्थ अजून टिकून आहे. आपल्याकडे पंख आणि दंड या दोन्हींचा प्रवास ‘कडेची दिशा’ या अर्थाकडे झाला, तर इंग्रजीत पंखाच्या टोकाचा प्रवास दंड बांधण्याच्या क्रियेकडे झाला.

३. सजातीय क्रियापदांहून वेगळेपण

इंग्रजीतील बंधनवाचक क्रियापदांचा समूह पाहिला की त्यातील प्रत्येकाने शरीराचा एकेक भाग वाटून घेतलेला दिसतो. ‘फेटर’ या शब्दाचे नाते पायाच्या नावाशी आहे. ती पायातील बेडी होय. ‘मॅनॅकल’ हा शब्द लॅटिनमधील हाताच्या नावावरून आला. ती हातकडी. ‘हॉबल’ म्हणजे चरणाऱ्या घोड्याचे पाय असे बांधणे की त्याला चालता यावे पण धावता येऊ नये. ‘मझल’ म्हणजे जनावराच्या तोंडाला मुसके घालणे. ‘टेदर’ हे क्रियापद शरीराचा भाग सांगत नाही, तर दोरीची लांबी सांगते. दाव्याने खुंटीला बांधलेले जनावर त्या वर्तुळात मोकळे असते. ‘ट्रस’मध्ये सारे अंग गाठोड्यासारखे आवळले जाते. म्हणूनच ते स्वयंपाकघरात भाजावयाच्या कोंबडीलाही लागू पडते.

या समूहात ‘पिनियन’चे स्थान निश्चित करणारी तीन लक्षणे सांगता येतील.

पहिले लक्षण अवयवाचे. येथे बंधन मनगटापुरते नसते, ते दंडांवर वा कोपरांवर असते. हात पाठीमागे नेले जातात किंवा बरगड्यांशी जखडले जातात. हातकडी घातलेला माणूस दोन्ही हात एकदम उचलू शकतो, घाम पुसू शकतो, नमस्कारही करू शकतो. ‘पिनियन’ केलेल्या माणसाला यातले काहीच शक्य नसते.

दुसरे लक्षण साधनाचे, किंबहुना साधनाच्या अनिश्चिततेचे. बेडीला लोखंड लागते, दाव्याला दोरी लागते. ‘पिनियन’ला मात्र विशिष्ट साधन लागत नाही. दोरी, चामड्याचा पट्टा, दुसऱ्या माणसाची मिठी, अंगावर कोसळलेली तुळई यांपैकी कशानेही ते घडते.

तिसरे लक्षण सर्वांत महत्त्वाचे आहे. ‘पिनियन’ केलेल्या माणसाचे पाय मोकळे असतात. पंख छाटलेला हंस चालतो, पोहतो, चरतो. त्याला फक्त उडता येत नाही. त्याचप्रमाणे दंड बांधलेला माणूस चालू शकतो आणि बहुधा त्याने चालावे, अशीच बांधणाऱ्याची इच्छा असते. त्याला कोठेतरी नेऊन उभे करावयाचे असते.

४. वाङ्मयीन आणि व्यावहारिक उपयोग

शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’ नाटकातील तिसऱ्या अंकाचा सातवा प्रवेश या लक्षणांची साक्ष देतो. कॉर्नवॉल आपल्या सेवकांना ग्लॉस्टरला शोधून, त्याला चोराप्रमाणे ‘पिनियन’ करून समोर आणण्याची आज्ञा करतो. ग्लॉस्टर हा वृद्ध उमराव आहे आणि ज्या घरात हे घडते ते घर त्याचेच आहे. कॉर्नवॉल तेथे पाहुणा आहे. ‘चोराप्रमाणे’ या उपमेने बंधनाची पद्धत आणि त्यामागचा अपमान एकाच वेळी सांगितला जातो. पुढे ग्लॉस्टर समोर आल्यावर मात्र शेक्सपिअर क्रियापद बदलतो. आता त्याला खुर्चीशी बांधावयाचे आहे आणि तेथे ‘बाइंड’ हे साधे क्रियापद येते. चालवत आणताना ‘पिनियन’, एका जागी खिळवताना ‘बाइंड’. हा भेद अनुवादकाने दोन्ही ठिकाणी ‘बांधा’ म्हणून पुसून टाकला, तर प्रवेशाची वाढती क्रूरता एका पायरीने कमी होते. यानंतर त्याच खुर्चीत ग्लॉस्टरचे डोळे काढले जातात.

याच प्रवेशात आणखी एक गोष्ट लक्षणीय आहे. ग्लॉस्टरला आणण्याची आज्ञा दिल्यावर कॉर्नवॉल स्वतःशीच कबूल करतो की, न्यायाचा उपचार पार पाडल्यावाचून याचा प्राण घेणे आपल्याला शोभणार नाही, तथापि आपल्या हातची सत्ता आपल्या संतापाला वाट करून देईल. म्हणजे चोराप्रमाणे बांधणे हे चौकशीच्या आधीचे आहे. निवाडा झालेला नाही, परंतु शिक्षा सुरू झालेली आहे. या मुद्द्याकडे आपल्याला पुन्हा यावयाचे आहे.

‘अँटनी अँड क्लिओपात्रा’ या नाटकात तर नाम आणि क्रियापद दोन्ही सापडतात. तिसऱ्या अंकात पराभूत अँटनीने आपल्या मुलांच्या शिक्षकाला दूत म्हणून पाठवले, यावरून त्याची पिसे उपटली गेली आहेत, असा शेरा सीझरच्या गोटात मारला जातो. तो क्षुद्र दूत म्हणजे अँटनीच्या पंखाचे एक दीनवाणे ‘पिनियन’ ठरते. पाचव्या अंकात बंदिवान झालेली क्लिओपात्रा, आपण सीझरच्या दरबारात ‘पिनियन’ होऊन तिष्ठणार नाही, असे बाणेदारपणे सुनावते. येथे तिच्या दंडांना दोरी लावण्याचा प्रश्न गौण आहे. राजवाड्याच्या उद्यानात शोभेसाठी ठेवलेल्या, उडता न येणाऱ्या पक्ष्याचे जिणे तिला नको आहे. त्यामुळे या ठिकाणी ‘मुसक्या बांधून’ असा अनुवाद अपुरा पडेल. ‘पंख छाटलेली’ हीच योजना अधिक योग्य ठरेल. एकाच क्रियापदासाठी एका नाटकात मुसक्या आणि दुसऱ्या नाटकात पंख वापरावे लागतात, कारण इंग्रजी शब्दात दोन्ही प्रतिमा एकत्र नांदतात आणि मराठीत त्या वेगळ्या झालेल्या आहेत.

वाङ्मयाबाहेर या क्रियापदाची दोन पारिभाषिक क्षेत्रे आहेत. पक्षिपालनात ते बदक, हंस यांसारख्या पाणपक्ष्यांच्या पिलांच्या एका पंखाचे टोक सांध्यापासून कायमचे काढून टाकण्याच्या क्रियेचे नाव आहे. एकच पंख छाटल्याने तोल जातो आणि पक्षी आयुष्यभर उडू शकत नाही. नुसती पिसे कातरली तर ती पिसे झडण्याच्या हंगामानंतर पुन्हा येतात. मराठीत ‘पंख छाटणे’ हा एकच प्रयोग दोन्हींसाठी होतो. पक्षिशास्त्रीय लेखनाचा अनुवाद करणाऱ्याने म्हणून ‘पिसे कातरणे’ आणि ‘पंखाचे टोक छाटणे’ असे दोन शब्दप्रयोग काटेकोरपणे राखले पाहिजेत.

दुसरे क्षेत्र फाशीचे. ब्रिटिश तुरुंगात फाशीच्या दिवशी कैद्याचे हात त्याच्या कोठडीतच चामडी पट्ट्याने जखडत आणि त्याला वधस्तंभाकडे चालवत नेत. पाय बांधले जात ते फळीवर उभे केल्यानंतर. या पहिल्या क्रियेला ‘पिनियन’ हेच नाव होते. ब्रिटनमधील शेवटच्या फाशा १३ ऑगस्ट १९६४ रोजी झाल्या. १९६५ च्या कायद्याने खुनासाठीची फाशी स्थगित झाली आणि १९६९ मध्ये ती कायमची रद्द झाली. तेव्हापासून तेथे हा पारिभाषिक अर्थ इतिहासजमा झाला. जॉर्ज ऑर्वेल यांचा १९३१ मध्ये ‘अडेल्फी’ नियतकालिकात प्रसिद्ध झालेला फाशीविषयीचा निबंध या संदर्भात आठवतो. ब्रह्मदेशातील तुरुंगात एका हिंदू कैद्याचे हात अंगाशी आवळून बांधले आहेत, शिपायांनी त्याला धरले आहे. तो वधस्तंभाकडे चालत आहे आणि वाटेतले पाण्याचे डबके चुकवण्यासाठी किंचित बाजूला सरकतो. त्या निबंधाचे सारे मर्म या एका पावलात आहे. हात बांधलेले आणि पाय मोकळे, ही ‘पिनियन’ची जी अवस्था आपण तिसरे लक्षण म्हणून नोंदवली, तिच्यावाचून ते पाऊल संभवलेच नसते.

५. वाक्यातील वर्तन आणि आजची अर्थच्छटा

व्याकरणदृष्ट्या हे क्रियापद सकर्मक आहे. त्याचे कर्म दोन प्रकारचे असते. कधी संपूर्ण माणूस कर्म असतो, कधी केवळ त्याचे हात. हात कर्म असल्यास ते कोठे जखडले हे सांगणारा स्थलवाचक शब्दसमूह पुढे येतो. उदाहरणार्थ ‘पाठीमागे’, ‘अंगाशी’, ‘कुशीशी’. माणूस कर्म असल्यास तशी गरज भासत नाही, कारण दंड हा अवयव क्रियापदातच सामावलेला असतो. मराठीतील ‘मुसक्या’ या शब्दाचे वर्तन याच्याशी ताडून पाहण्यासारखे आहे. ‘त्याच्या मुसक्या बांधल्या’ असे म्हटल्यावर हात, पाठ यांचा वेगळा उल्लेख करावा लागत नाही.

कर्मणी प्रयोगात आणि भूतकालवाचक धातुसाधित विशेषण म्हणून हे क्रियापद वारंवार येते. बांधणारा कोण यापेक्षा बांधलेल्याची असहायता महत्त्वाची असते, हे त्याचे कारण असावे. आधुनिक कथासाहित्यात त्याचा अर्थविस्तारही झालेला दिसतो. भिंतीशी दाबून धरलेला, ढिगाऱ्याखाली अडकलेला माणूसही ‘पिनियन’ झालेला असतो. येथे ‘पिन’ या टाचणीवाचक शब्दाच्या ध्वनिसाम्याचा परिणाम मानता येईल. टोचून खिळवणे आणि दंड जखडणे या दोन कल्पना वाचकाच्या मनात एकमेकींत मिसळतात. अशा ठिकाणी मराठीत मुसक्यांचा उपयोग नाही. ‘जखडून धरणे’, ‘दाबून खिळवणे’ किंवा ढिगाऱ्याच्या बाबतीत ‘हात अडकून पडणे’ हेच स्वाभाविक होय.

६. मराठीतील प्रतिशब्द : ‘मुसक्या’चा विचार

मराठीत बंधनवाचक शब्दांची वाण नाही आणि त्यांतील बरेचसे गोठ्यातून व पागेतून आलेले आहेत. पायबंद हा घोड्याच्या मागच्या पायांचा दोर, वेसण ही बैलाच्या नाकातील, लोढणे हे पळपुट्या गुराच्या गळ्यातील. आज आपण महागाईला वेसण घालतो, भ्रष्टाचाराला पायबंद घालतो आणि नकोशी जबाबदारी गळ्यातले लोढणे म्हणून वागवतो. या प्रयोगांत मूळ वस्तू वाचकाच्या डोळ्यांसमोर क्वचितच येते.

‘मुसक्या’ या शब्दाचे मूळ दुहेरी दिसते. हिंदीत ‘मुश्क’ म्हणजे खांदा आणि कोपर यांमधील भाग, अर्थात दंड. ‘मुश्कें कसना’ म्हणजे दोन्ही दंड पाठीकडे नेऊन बांधणे. अर्थाने हे ‘पिनियन’चे जुळे भावंडच होय. मराठीत मात्र या शब्दाच्या शेजारी ‘मुसके’ हा शब्द आधीपासून नांदत होता. मळणीच्या वेळी बैलाने कणसांना तोंड लावू नये म्हणून त्याच्या तोंडाला बांधायची जाळी म्हणजे मुसके. ध्वनिसाम्यामुळे दंडाच्या मुसक्या आणि तोंडाचे मुसके बोलणाऱ्याच्या मनात एक झाले. परिणामी इंग्रजी शब्दात जसा पंख छाटलेला पक्षी दडला आहे, तसा मराठी शब्दात तोंड बांधलेला बैल दडला. आणि ‘चोराच्या मुसक्या बांधल्या’ या वाक्यातून हात बांधल्याचे जसे कळते, तसे त्याला जनावराच्या पायरीवर आणल्याचेही सूचित होते.

आजच्या वृत्तपत्रीय मराठीत ‘मुसक्या आवळल्या’ याचा अर्थ ‘अटक केली’ एवढाच उरला आहे. आर्थिक अपहाराच्या आरोपावरून कोणी स्वतः ठाण्यात हजर झाला, तरी त्याच्या मुसक्या आवळल्याची बातमी होते. यास केवळ अर्थसंकोच अथवा अर्थऱ्हास म्हणून सोडून देता येईल काय? वाच्यार्थ गळाला असला तरी व्यंजना गळालेली नाही. ‘अटक केली’ हे विधान आहे. ‘मुसक्या आवळल्या’ हा निवाडा आहे. ज्याचा गुन्हा अद्याप शाबीत व्हावयाचा आहे, तो वाचकासमोर चोर म्हणूनच उभा राहतो.

या भाषिक प्रश्नाला कायद्याचीही एक बाजू आहे. प्रेमशंकर शुक्ला विरुद्ध दिल्ली प्रशासन या १९८० च्या निर्णयात, सरसकट हातकड्या घालणे हे राज्यघटनेशी विसंगत आहे आणि त्या अपवादात्मक परिस्थितीतच, कारणे नोंदवून घालता येतील, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने घेतली. १९९५ मध्ये सिटिझन्स फॉर डेमोक्रसी विरुद्ध आसाम राज्य या प्रकरणात तिचा पुनरुच्चार झाला. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ ने काही गंभीर गुन्ह्यांत आणि सराईत गुन्हेगारांच्या बाबतीत हातकडीच्या वापरास मुभा दिली. परंतु त्याच संहितेच्या कलम ४६ मध्ये, पळून जाण्यास प्रतिबंध करण्यासाठी आवश्यक असेल त्याहून अधिक बंधन अटक झालेल्या व्यक्तीवर घालू नये, हे जुने तत्त्व कायम आहे. म्हणजे कायदा बंधनाचे माप ठरवतो. बातमीची भाषा मात्र माप न पाहता प्रत्येकाचे दंड पाठीमागे बांधते.

७. समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. ‘पिनियन’ हे क्रियापद दंडांचे बंधन सांगते, साधन मोकळे ठेवते आणि पायांची हालचाल गृहीत धरते. त्याच्या मुळाशी असलेली पक्ष्याची प्रतिमा बहुतेक वापरांत सुप्त असते, परंतु समर्थ लेखक ती जागी करू शकतो. अनुवादकाने म्हणून प्रथम संदर्भ पाहावा. कैदी नेला जात असेल तर ‘मुसक्या बांधणे’, स्वातंत्र्य हिरावल्याची व्यंजना असेल तर ‘पंख छाटणे’, झटापट असेल तर ‘जखडून धरणे’ असे पर्याय संदर्भानुसार निवडावेत.

परभाषेतील एका शब्दाचा शोध घेताना आपल्या भाषेतील शब्दाकडेही नव्याने पाहता येते, हा अशा अभ्यासाचा आनुषंगिक लाभ. कॉर्नवॉलने ग्लॉस्टरला ‘चोराप्रमाणे’ बांधवले, तेव्हा निदान ती उपमा त्याला स्पष्ट उच्चारावी लागली. ‘मुसक्या आवळल्या’ लिहिणाऱ्याला तेवढीही तसदी घ्यावी लागत नाही. उपमा शब्दातच मुरलेली आहे. म्हणूनच हा शब्दप्रयोग, ज्याचे हात खरोखर पाठीमागे बांधले गेले त्याच्यापुरता राखून ठेवणे आणि इतरत्र ‘अटक केली’ असे साधे लिहिणे, यात भाषेची अचूकता आहे आणि न्यायबुद्धीही आहे.